बेनब्रिज अ‍ॅव्हेन्यूवरची बेयले: एक घर, एक रस्ता आणि एक भाषा

बेयले शेख्टर-गॉटेसमन नोव्हेंबर २०१३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात गेल्या. वय ९३. यिद्दिश कवयित्री, गाणी रचणाऱ्या आणि गाणाऱ्या, चित्रकार, शिक्षिका, मुलांच्या मासिकाच्या संपादक, आई, आजी. माणूस गेल्यावर अशी विशेषणं ओळीने लावली जातातच, आणि इथे त्यातलं एकही उसनं नाही. पण मला त्यांच्याकडे वेगळ्या बाजूने बघायचं आहे. त्यांच्या कुटुंबात अशी एक गोष्ट घडली जी न्यूयॉर्कला उतरलेल्या लाखो ज्यू कुटुंबांत घडली नाही. आईची भाषा मुलांच्या तोंडी राहिली, आणि घराण्यातल्या त्याच्या पुढच्या पिढीपर्यंतही गेली. ही किमया कशी झाली, कोणी काय केलं, कशाची साथ मिळाली आणि कुठे हात टेकावे लागले, ते या प्रकरणात जवळून पाहता येतं.

आधी एक खुलासा. मराठी माणसाला ज्यू म्हटलं की बेने इस्राएल आठवतात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची गावांवरून पडलेली आडनावं, बायबलातल्या कथांवर मराठीत रंगणारी कीर्तनं. त्यांची घरची भाषा मराठी. पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची भाषा यिद्दिश. मुळात जर्मन घराण्यातली, हिब्रू आणि स्लाव्ह भाषांचे शब्द पोटात घेतलेली, हिब्रू लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. दुसऱ्या महायुद्धाआधी ती बोलणारे सुमारे १ कोटी १० लाख लोक होते. नाझींनी मारलेल्या ६० लाख ज्यूंपैकी सुमारे ५० लाख यिद्दिशभाषक होते. जे वाचले त्यांतले बरेच अमेरिकेत गेले, आणि त्यांच्या नातवंडांना यिद्दिशमधल्या शिव्या, खाण्याचे पदार्थ आणि दोनचार विनोद एवढंच ठाऊक राहिलं. हा सर्वसाधारण निकाल. बेयले या निकालाला अपवाद, म्हणून त्यांचं प्रकरण.

चेर्नोवित्स

जन्म व्हिएन्नात, ७ ऑगस्ट १९२० चा. पण बेयले लहान असतानाच कुटुंब चेर्नोवित्सला आलं. हे शहर तेव्हा रुमानियात होतं, त्याआधी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, आज युक्रेनमध्ये आहे. एकाच जागी बसून देश बदलत राहावे लागलेलं गाव. रस्त्यावर जर्मन, रुमानियन, युक्रेनियन, पोलिश, यिद्दिश, सगळं ऐकू यायचं. जरा बरी परिस्थिती असलेली ज्यू कुटुंबं मात्र जर्मनच बोलायची. यिद्दिश म्हणजे खेडवळ, बाजारातली, मोडकीतोडकी, असा समज. आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर मुलांशी इंग्रजीत बोलणाऱ्या आयांना हा समज समजावून सांगायची गरज नाही.

याच शहरात १९०८ साली यिद्दिशसाठी पहिली मोठी परिषद भरली होती. ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर. तिथे बराच वादविवाद होऊन ठराव झाला की यिद्दिश ही ज्यू लोकांची एक राष्ट्रीय भाषा आहे. परिषदेचे सूत्रधार नाथान बिर्नबाउम हे स्वतः व्हिएन्नात जर्मन बोलत वाढलेले होते, यिद्दिश त्यांनी मोठेपणी कमावली. ठराव झाला, टाळ्या पडल्या, आणि चेर्नोवित्सचे श्रीमंत ज्यू घरी जाऊन पुन्हा जर्मनमध्ये बोलू लागले. ठरावांचं जे होतं तेच झालं.

शेख्टरांच्या घरात मात्र यिद्दिशच चाले, आणि तीही मान खाली न घालता. वडील या भाषेचे कट्टर अभिमानी. आई लिफ्शे गाणारी. रंगमंचावर वगैरे नाही. १८९३ मध्ये झ्विन्याच्का नावाच्या खेड्यात जन्मलेली ही बाई काम करताना, बसल्याबसल्या, कुणी विचारलं की, कुणी नाही विचारलं तरी गायची. तिच्या गळ्यात बायकांची जुनी गाणी होती. फसवून गेलेला प्रियकर, लष्करात नेलेला मुलगा, खून, विरह, अनाथपण. साथीला वाद्य नाही, संथ लय, प्रत्येक ओळीच्या शेवटी हलकीशी थरथर. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांशी याचं नातं लगेच जाणवतं, फक्त लिफ्शेच्या गाण्यांना कथानक जास्त असतं. मुलगी बेयले हे ऐकत वाढली. पुढे चाळिशीत गाणी लिहायला बसली तेव्हा चालींचं भांडवल इथूनच आलं.

किशोरवयात बेयलेला चित्रकला शिकायला व्हिएन्नाला पाठवलं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि तिला शिक्षण टाकून घरी परतावं लागलं. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा चेर्नोवित्समध्ये आल्या. त्यांच्या राजवटीत वडिलांना सैबेरियाला धाडलं गेलं, ते परतले नाहीत. १९४१ मध्ये बेयलेचं लग्न योने गॉटेसमन या डॉक्टरशी झालं, आणि त्याच वर्षी, नाझींच्या बाजूला असलेलं रुमानियन सरकार शहरात परत आल्यावर, ऑक्टोबरमध्ये घेट्टो उभा राहिला. काही गल्ल्यांत सुमारे ५०,००० माणसं कोंबली. तिथून ट्रान्सनिस्ट्रियाच्या, म्हणजे रुमानियाने व्यापलेल्या युक्रेनच्या पट्ट्यातल्या, छावण्यांकडे गाड्या निघायच्या, हजारोंनी माणसं भरून. शहराचा महापौर त्रायान पोपोविच याने भांडून, परवान्यांवर परवाने काढून सुमारे २०,००० लोकांना शहरातच ठेवून घेतलं. ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याला पुढे १९६९ मध्ये गौरवलं. बेयले, तिचा नवरा आणि लिफ्शे युद्ध संपेपर्यंत चेर्नोवित्समध्येच राहिले आणि वाचले.

युद्धानंतर काही वर्षं व्हिएन्ना. तिथे योने निर्वासितांच्या छावण्यांत मुख्य डॉक्टर होते. पहिली मुलगी तिथेच झाली. १९५१ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला पोचलं. पुढची दोन मुलं तिथली.

रस्ता

इथपर्यंतची कहाणी, दुर्दैवाने, हजारो कुटुंबांची आहे. खरं प्रकरण इथून सुरू होतं.

न्यूयॉर्कमध्ये यिद्दिशची परिस्थिती वरवर पाहता वाईट नव्हती. दैनिक होतं, नाटकं होती, प्रकाशनं होती, दुपारी भरणाऱ्या शाळा होत्या. पण हे सगळं मोठ्यांचं होतं. मुलं सरकारी शाळेत जात, इंग्रजी घेऊन घरी येत, आणि आई यिद्दिशमध्ये बोलली की इंग्रजीत उत्तर देत. हा क्षण फार महत्त्वाचा आहे. आईवडील पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी टोकतात, महिन्याभराने स्वतःच इंग्रजीत बोलू लागतात. भाषा अशी जेवणाच्या टेबलावर बसल्या जागी जाते. कोणी बंदी घालावी लागत नाही.

गॉटेसमन आणि बेयलेंचे धाकटे भाऊ मॉर्द्खे शेख्टर यांनी यावर जो उपाय काढला तो साहित्यिकांना सुचला नसता. त्यांनी घरं घेतली. ब्रॉन्क्समधल्या बेनब्रिज अ‍ॅव्हेन्यूवर, साठच्या दशकात, यिद्दिश बोलणारी पाचसहा कुटुंबं एकमेकांना लागून घरं घेऊन राहायला आली. समोरच नामवंत यिद्दिश लेखक शोलेम अलेखेम यांच्या नावाची यिद्दिश शाळा होती, क्रमांक २१. ती आधीपासून होती, पण थकलेली. या कुटुंबांनी तिच्यात जीव ओतला. आपसात त्या वस्तीला ते थट्टेने आणि प्रेमाने ‘बेनब्रिजिव्के’ म्हणत, जणू युक्रेनमधलं एखादं खेडंच.

यात नेमकं काय झालं? मूल दारातून बाहेर पडलं की शेजारचं मूलही यिद्दिशच बोलणारं. भांडण यिद्दिशमध्ये, चेंडू कोणाचा हा वाद यिद्दिशमध्ये, आईने हाक मारली तर यिद्दिशमध्ये. घरातली भाषा आणि अंगणातली भाषा एक झाली. इंग्रजी मुलांना यायचीच होती आणि आली, न्यूयॉर्कमध्ये ती येऊ नये म्हणून कोणी कितीही प्रयत्न केले तरी जमलं नसतं. पण मुलांच्या लेखी यिद्दिश ही म्हाताऱ्यांची भाषा राहिली नाही, कारण ती बोलणारा बाजूच्या घरातला मुलगा आपल्याच वयाचा होता.

याच वस्तीत जोशुआ फिशमन राहत. भाषाशास्त्रातल्या मंडळींना हे नाव माहीत असेल. भाषा का मरतात आणि त्यांना परत कसं आणता येतं यावर विसाव्या शतकात सर्वांत जास्त वाचला गेलेला अभ्यास त्यांचा. १९९१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी आठ पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली. सरकार, विद्यापीठं, वृत्तपत्रं, टीव्ही या वरच्या पायऱ्या. पण सगळा डोलारा उभा राहतो तो सहाव्या पायरीवर, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं: घर, शेजार, मोहल्ला, जिथे आजीकडून नातवाकडे भाषा आपोआप जाते. ही पायरी निसटली तर वर कितीही पैसा ओता, काही खरं नाही. हा माणूस बेनब्रिजवर गॉटेसमनांच्या शेजारात राहून मुलं वाढवत होता. आता सिद्धांत आधी की रस्ता आधी, यावर मी पैज लावणार नाही. पण ज्या लोकांना हे पान पुस्तकात वाचून पटतं त्यांनी ते आधी रस्त्यावर जगून पाहिलं जात होतं हे लक्षात ठेवावं.

शाळेला नाटुकलं हवं होतं

बेयले या वस्तीच्या मधोमध होत्या. शाळेत शिकवत. वर्षात सण येतात, सणाला मुलांचा कार्यक्रम लागतो, कार्यक्रमाला गाणी आणि नाटुकली लागतात. जुनी होती ती एकतर फार धार्मिक, फार रडकी किंवा मुलांच्या डोक्यावरून जाणारी. मग बेयले लिहू लागल्या. मुलांसाठी गीतनाट्यं, मुलांच्या मासिकासाठी मजकूर, चाली लावून गाणी. कवयित्री म्हणून त्यांचं नाव झालं ते या गरजेतून. पहिलं पुस्तक १९६३ चं, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर ऐंशी पार होईपर्यंत कवितासंग्रह येत राहिले.

मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण या प्रकरणातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच आहे. युद्धानंतरचं यिद्दिश लेखन बहुतांशी मागे बघणारं होतं. ते स्वाभाविक होतं. जळून गेलेलं गाव, मारली गेलेली आई, हरवलेला रस्ता. पण ब्रॉन्क्समध्ये जन्मलेल्या सात वर्षांच्या पोराला त्या गावाचं काय? त्याच्या खिडकीतून दिसतो तो ब्रॉन्क्स. बेयलेंनी गाणी लिहिली ती शहरावर, रस्त्यावर, ऋतूंवर, आपल्या आजूबाजूच्या माणसांवर. २००३ मध्ये त्यांच्या गाण्यांची जी ध्वनिमुद्रिका आली तिचं नावच ‘शहराच्या रस्त्यांवर’ या अर्थाचं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांनी त्यावर गाणं रचलं, आणि ते रचलं लिफ्शेच्या जुन्या कथागीतांच्या साच्यात. जुना साचा आणि कालची बातमी. भाषा जिवंत आहे का, हे तपासायची याहून चांगली चाचणी मला सुचत नाही.

सर्वांत जास्त गाजलं ते ‘हार्ब्स्टलीद’, शरदाचं गाणं. धुक्यातली स्वप्नं आणि गवतावरचं रुपेरी दव इथून ते सुरू होतं. शब्द सोपे, चाल एकदा ऐकली की तोंडात बसणारी, आणि आयुष्याच्या उतरणीची हुरहूर कुठेही गळा न काढता. यिद्दिश गाण्यांच्या जगात ते इतकं पसरलं की अनेक जण त्याला पारंपरिक लोकगीत समजून गात. आपल्याकडे बहिणाबाईंच्या ओळी म्हणून दाखवणाऱ्यांना कधीकधी त्या कोणाच्या हेच आठवत नाही. गाणं रचणाऱ्याच्या नशिबी याहून मोठी दाद नसते, आणि मानधनही नसतं.

चित्रकार म्हणून व्हिएन्नात अर्धवट सुटलेलं शिक्षण त्यांनी पुरतं सोडलं नाही, रंग आणि रेघ हाताशी राहिली. पण त्यांच्या कवितेतही मला चित्रकाराचा डोळा दिसतो. रंग असतातच, एका संग्रहाच्या शीर्षकातली वाटही जांभळी आहे.

दोन भावंडं, दोन कामं

बेयलेंच्या गोष्टीत मॉर्द्खे सतत येतात आणि ते तसे यायलाच हवेत. १९२७ चा जन्म, २००७ मध्ये गेले. भाषाशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठात यिद्दिशचे अध्यापक. त्यांचा छंद म्हणजे शब्द गोळा करणं. कार्डांवर टिपलेले शब्द, खोकीच्या खोकी. यिद्दिशमध्ये झाडाफुलांची नावंच नाहीत, असं लोक सर्रास म्हणत. त्यांनी वर्षानुवर्षं म्हाताऱ्या माणसांकडून, जुन्या पुस्तकांतून नावं जमवली आणि २००५ मध्ये वनस्पतींच्या यिद्दिश नावांचा ग्रंथच काढला. नव्या गोष्टींना शब्द लागले की तेही ते घडवत. ईमेलसाठी यिद्दिशमध्ये चालणारा ‘ब्लित्सपोस्ट’, म्हणजे विजेचं टपाल, हा शब्द त्यांच्याच नावावर जमा आहे.

भाऊ शब्द साठवत होता, बहीण ते तोंडात घोळवत होती. कोशात नीट लावून ठेवलेला शब्द मुलं वापरत नाहीत, गाण्यात आला तर वापरतात. उलट नुसत्या गाण्यांवर राहिलं तर भाषा सणासुदीची होऊन बसते, तिच्यात प्लंबरला बोलावता येत नाही. ही दोन्ही कामं एकाच घरात, हाकेच्या अंतरावर होत होती. मॉर्द्खेंच्या साठवणीवर पुढे इंग्रजी-यिद्दिश महाकोश उभा राहिला, २०१६ मध्ये, ८०० हून अधिक पानांचा. त्याच्या दोन संपादकांपैकी एक त्यांची मुलगी गित्ल शेख्टर-विश्वनाथ, स्वतः कवयित्री. आडनावातला ‘विश्वनाथ’ वाचून आपण चमकतो. बरोबरच आहे, ते भारतातलंच आहे. गित्लची बहीण रुख्ल हिने न्यूयॉर्कच्या जुन्या यिद्दिश वृत्तपत्राचं संपादन केलं. भाऊ संगीतकार, यिद्दिश समूहगायन चालवणारा. बेयलेंचा मुलगा इत्सिक लोकसाहित्याचा अभ्यासक झाला.

म्हणजे एका रस्त्यावरून किती माणसं निघाली बघा. आणि ही माणसं भाषेचे नोकर नाहीत, त्यांना ती येते म्हणून ती त्यांच्या कामात आली.

आजीचा आवाज

१९५४ मध्ये लेबल कान नावाच्या संग्राहकाने ब्रॉन्क्समध्ये लिफ्शेला बसवून तिची गाणी टेपवर घेतली. वय साठीच्या पलीकडे, चेर्नोवित्स सोडून आलेली, एक घेट्टो आणि दोन स्थलांतरं पचवलेली. ती गायला लागली की खेड्यातली गाणी एकामागून एक येत गेली. ही ध्वनिमुद्रणं आज यिद्दिश लोकगीतांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने सोन्याची खाण आहेत, कारण तिची शैली ही रंगमंचाने घासूनपुसून घेतलेली नाही. खेड्यातली बाई जशी गात असे तशी.

या घराण्यात आजी हा नुसता मायेचा विषय नाही, ती स्रोत आहे. लिफ्शेकडून बेयलेकडे, बेयलेकडून इत्सिककडे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत तरुण मुलं क्लेझमर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं जुनं वाद्यसंगीत, नव्याने शिकू लागली तेव्हा त्यांना वाद्यं सापडली, जुन्या तबकड्या सापडल्या, पण गळा कुठून आणायचा? जुन्या पद्धतीने गाणारं जिवंत माणूस हवं होतं. ती मंडळी बेयलेंकडे पोचली. शिबिरांतून त्यांना बोलावणी येऊ लागली, त्यांच्या घरी गायक-वादक, संशोधक येऊ लागले. एड्रिएन कूपरसारख्या नावाजलेल्या गायिकांनी त्यांची गाणी गायली. २००४ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बेयलेंनी स्वतः आईकडून आलेली पारंपरिक गाणी गाऊन ध्वनिमुद्रिका काढली. २००५ मध्ये अमेरिकी सरकारचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, लोककलावंतांसाठीचा तिथला सर्वोच्च. क्लेझमर क्लॅरिनेटवादक डेव्ह तारास यांना तो १९८४ मध्ये मिळाला होता. सन्मान पंच्याऐंशीव्या वर्षी मिळाला, हे आपल्याकडच्या पद्मपुरस्कारांची रीत पाहता फार उशिरा म्हणता येणार नाही.

कुठे अडलं

आता दुसरी बाजू, नाहीतर हे कौतुकाचं भाषण होईल.

बेनब्रिजचा प्रयोग पाचसहा कुटुंबांचा होता. ही कुटुंबं शिकलेली होती, पतीपत्नी दोघांचंही भाषेवर एकमत होतं, आणि लागून घरं घेण्याइतकं त्यांना परवडत होतं. भाषाशास्त्रज्ञ, डॉक्टर, प्राध्यापक. शिवणकामाच्या कारखान्यात बारा तास राबणाऱ्या यिद्दिश कामगाराला हा मार्ग खुला नव्हता. दुसरं, एवढ्या छोट्या वस्तीला टिकाऊपण नसतं. मुलं मोठी होऊन शिक्षणाला, लग्नाला, नोकरीला पांगली. ब्रॉन्क्स बदलला. समोरची शाळा मुलांअभावी ओसरली. आज बेनब्रिजवर जाऊन यिद्दिश ऐकू येईल अशी आशा करू नये.

आणि सर्वांत टोचणारी गोष्ट: आज न्यूयॉर्कमध्ये यिद्दिश मरत नाहीये. ब्रुकलिनमध्ये कट्टर धार्मिक अशा हसिदी ज्यू पंथाच्या वस्त्यांत ती हजारो मुलांच्या तोंडी आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे. पण त्यासाठी ना परिषद लागली, ना कवयित्री, ना वनस्पतींचा कोश. मोठी कुटुंबं, स्वतःच्या शाळा, बाहेरच्या जगापासून राखलेलं अंतर, एवढ्यावर ते भागलं. आणि त्या जगात बेयलेंना गाता आलं नसतं, कारण परपुरुषांपुढे स्त्रीने गाणं तिथे निषिद्ध आहे. फिशमन यांच्या सहाव्या पायरीचं म्हणणं हसिदींनीच खरं करून दाखवलं, फक्त फिशमन आणि गॉटेसमन यांना हव्या असलेल्या मोकळ्या, ग्रंथप्रेमी, गाणाऱ्या यिद्दिशचं नाही. भाषा जगली तर कोणाची जगली, हा प्रश्न उरतोच, आणि बेनब्रिजच्या लोकांना तो चांगला ठाऊक होता.

मराठीकडे वळायचं तर दोन ठिकाणी तुलना होते. एक इस्राएलमध्ये. बेने इस्राएल तिथे गेले तेव्हा मराठी घेऊन गेले. मराठीतून ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक त्यांनी तिथून चालवलं. पण अंगणात हिब्रू होती, लष्करात हिब्रू होती, आणि नातवंडं हिब्रूत बोलू लागली. नियतकालिक ही वरची पायरी, खालची निसटली की ते आजोबांपुरतं उरतं. दुसरं ठिकाण अमेरिकेतल्या आपल्या मराठी शाळा. शनिवार-रविवारच्या या शाळा लोक पदरमोड करून, जीव तोडून चालवतात, मुलांना बाराखडी येते, गणपतीत नाटक बसतं. त्यांना नावं ठेवण्याचा मला हक्क नाही. पण त्या शाळेसमोर रस्ता नाही. मुलं तीस मैलांवरून गाडीत बसून येतात आणि दोन तासांनी गाडीतच इंग्रजीत शिरतात. आजी असते, पण ती पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने येते, मूल तिच्याशी मराठी बोलायला लागतं न लागतं तोच परतीचं तिकीट येतं. लिफ्शे परत जाणार नव्हती. परत जायला तिला गाव उरलं नव्हतं, हे या तुलनेतलं कडवट सत्य आहे, आणि म्हणून बेनब्रिजची नक्कल करा असा सल्ला मी कोणाला देणार नाही. एवढं मात्र करता येईल: ज्यांना जमेल त्यांनी एकाच संकुलात, एकाच गल्लीत घरं बघावीत. घर घेताना शाळेचा दर्जा, स्टेशन आणि कर बघतोच, यादीत आणखी एक ओळ. आणि आजी सहा महिने आलीच आहे तर तिला नातवंडांचे डबे भरायला न लावता तिच्यासमोर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवावं.

इत्सिक गॉटेसमन यांनी हेच काम पुढे नेलं. २०१० पासून ते एकेक यिद्दिश गाणं निवडून इंटरनेटवर मांडतात: मूळ ध्वनिमुद्रण, सगळे शब्द, भाषांतर, गाणाऱ्याची माहिती, त्याच गाण्याची इतर गावांतली रूपं. त्यांत आजी लिफ्शेची अनेक आहेत, आई बेयलेचीही आहेत. गाणाऱ्याचा कुठे शब्द अडखळला, कुठे ओळ चुकली, ओळींचा क्रम कुठे उलटा झाला, तेही ते नोंदवून ठेवतात. १९५४ च्या टेपवर लिफ्शे मधेच थांबते, आठवते, आणि पुढचं कडवं उचलते.